मनूचा मुक्काम

गिरगाव,
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय कौसल्याताई,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका, सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून ही पत्र का लिहीत बसली, असं तुम्हाला वाटेल. पण सोमवार ते बुधवार मनू तुमच्याकडे परळला असतो, तेव्हा तुमचा फोन त्याच्या हातात. गुरुवार-शुक्रवार तो माझ्याकडे, तेव्हा माझा फोन त्याच्या हातात. शनिवार-रविवार तो अँटॉप हिलला आईबापांकडे, पण तेव्हा आपण दोघी आडव्या झालेल्या असतो. आणि आमच्या अवधूतने काढलेल्या त्या घरच्या ग्रुपवर काही लिहावं, तर मुलं वाचतात. विहिणी-विहिणींचं थोडं बोलणं खाजगी राहावं, नाही का?

विषय प्रितीच्या बाळंतपणाचा आहे. तुमची ती लेक, तशी माझी ती सून नाही, लेकच. डिसेंबरच्या मध्याची तारीख आहे, म्हणजे तयारी आतापासून हवी. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, ही आपली पूर्वापार पद्धत. मनूच्या वेळी तुम्ही तिला परळला नेलंत, किती केलंत तिचं, मी वाडीत सगळ्यांना सांगत असते. आता माझी पाळी. बाळाला घेऊन तिने सव्वा महिना इथे गिरगावला यावं. खिडकीजवळची खाट मी मोकळी केली आहे. ह्यांची हार्मोनियम माळ्यावर टाकली, त्यावरून हे दोन दिवस बोलत नव्हते, पण ते असो.

राहता राहिला मनू. तो अर्थातच तुमच्याकडे राहील. त्याला तुमचा लळा जास्त, हे मी मोकळ्या मनाने कबूल करते. गुरुवारी माझ्याकडे आला की पहिला तासभर 'परळआजी, परळआजी' चाललेलं असतं. सव्वा महिना सलग तुमच्याजवळ राहायला मिळालं तर पोर हरखून जाईल. त्याच्या सुखाच्या आड मी कशाला येऊ?

घाई नाही, पण लौकर कळवा.

तुमची,
मृणालिनी


परळ,
११ ऑक्टोबर

मृणालिनीताई, जयभीम.

पत्र पोचलं. आमच्या चाळीत पाकीट आलं की ती नोटीसच असते, त्यामुळे पोस्टमनच्या मागोमाग अख्खा मजला दारात जमला. शेजारच्या सुंदराबाई म्हणाल्या, "कोर्टाचं आहे काय ओ?" मी म्हटलं, "नाही, विहिणीचं." तर म्हणाल्या, "मग एकच की."

आता मुद्द्याचं. मी सगळी नोकरी प्रसूतिगृहात सिस्टर म्हणून केली. माझ्या हातावर इतकी बाळं आली, पण एकानेही बाहेर येताना विचारलं नाही की सिस्टर, हे माहेर आहे का सासर. पद्धत वगैरे आमच्यात मानत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. सोय बघायची. प्रितीचं हॉस्पिटल माझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. टाके, ताप, बाळाची कावीळ, नाळ, सगळं मला कळतं. तेव्हा प्रिती आणि बाळ इकडेच येतील. माझ्या आईची जुनी लुगडी फाडून मी दुपटी शिवलीत, उकळत्या पाण्यातून काढून घड्या घालून ठेवलीत. बाळ यायच्या आधी काही शिवू नये, असं तुम्ही म्हणाल. तेही आमच्यात मानत नाहीत.

मनूचं म्हणाल तर तुमचा काहीतरी घोळ होतोय. लळा माझा नाही, तुमचा आहे. सोमवारी आल्यापासून पोरगं 'गिरगावची गॅलरी' हेच घोकत असतं. आमच्याकडे त्याला पळायला जागा कुठे? तुमच्याकडे रघुवीरराव आहेत, त्यांना गाण्याचं अंग आहे. आमचे कोंडीराम बेस्टमधून रिटायर झाल्यापासून टीव्हीवर बातम्या बघतात आणि टीव्हीशी भांडतात. पोराने त्यातून काय घ्यायचं? वळण तुमच्याकडचंच चांगलं. सव्वा महिना काय, दोन महिने ठेवा. माझी काही हरकत नाही.

कौसल्या


गिरगाव,
२५ ऑक्टोबर

प्रिय कौसल्याताई,

नमस्कार. तुम्ही पाठवलेल्या करंज्या फार खुसखुशीत होत्या. मनूने तीन खाल्ल्या आणि चौथी ह्यांच्या चष्म्याच्या घरात ठेवली.

पद्धतीबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचलं. मनूच्या वेळी मी प्रितीला न्यायला आले होते, तेव्हा तुम्ही दारात उभं राहून मला म्हणालात, "पहिलं माहेरीच असतं ताई, पद्धत आहे." मला शब्दन् शब्द आठवतो. पद्धत कधी मानायची आणि कधी नाही, याचं तुमच्याकडे काही वेळापत्रक असेल तर पाठवून द्यावं, म्हणजे माझी गडबड होणार नाही. गैरसमज नसावा, आपलं सहज विचारलं.

पाडव्याला मुलं इथे होती. आमच्या मजल्यावरच्या राधाबाईंनी गॅलरीत ठिपक्यांची रांगोळी काढली होती. दुपारी बसल्या होत्या, दिवेलागणीला उठल्या. कंबर सरळ करायला त्या आत गेल्या आणि मनू मधोमध जाऊन बसला. नुसता बसला असता तरी चाललं असतं. तो पोहला. तिथून गुलाबी पावलं निघाली ती थेट आमच्या देवघरापर्यंत. हे म्हणाले, "बघ, लक्ष्मी आली." मी म्हटलं, "फडकं घ्या." राधाबाई तोंडाने 'लहान आहे हो' म्हणाल्या, पण मी दिलेलं फराळाचं ताट अजून त्यांच्याकडेच आहे. जिन्यात भटजी भेटले, त्यांना मनूने हात जोडून कडक जयभीम घातला. त्यांनीही हसून जयभीम केला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. उलट सांगायला बरं वाटतं, की तुमचं वळण पोराने छान उचललं आहे. म्हणून तर म्हणते, तो तुमच्याकडेच शोभतो.

त्याची मनाची तयारी मी सुरूही केली. दर गुरुवारी सांगते, "बाळ आलं की मनूदादा परळआजीकडे राहायला जाणार, मज्जाच मज्जा!" तो शांतपणे ऐकून घेतो. प्रितीच्या पोटाला तोंड लावून बाळाशी गप्पा मारायलाही मी शिकवलं आहे. पोर समजूतदार आहे, तुम्ही काळजी करू नका.

तुमची,
मृणालिनी


परळ,
३१ ऑक्टोबर

मृणालिनीताई, जयभीम.

आता उलगडा झाला.

सोमवारी तुमचा समजूतदार पोरगा इथे आला तो लंगोट मागत. आठ महिने झाले, त्याची ती सवय मी घासून घासून मोडली होती. घरात शिरला, दुपट्यांच्या घड्या ओढल्या, एकात स्वतःला गुंडाळून जमिनीवर पडला आणि म्हणाला, "मी बाळ." दूध वाटी-चमच्याने पाजा म्हणाला. मागच्या आठवड्यात हाच पोरगा तळलेला बोंबील काट्यासकट मागत होता.

मी म्हटलं, असं अचानक काय झालं? मग तुमचं पत्र आलं. तुम्ही त्याला सांगताय, बाळ आलं की तू परळला. आणि मी त्याला दिवाळीच्या आधीपासून सांगतेय, बाळ आलं की तू गिरगावला. मी खरं ते सांगत होते. तुम्ही मध्ये घोटाळा केलात.

तयारी मीही चालवली होती, पण शास्त्रशुद्ध. कापडाचं एक बाळ करून दिलं, मालिश कशी हलक्या हाताने करायची ते दाखवलं. तेही शिकला. नंतर त्याने टीव्हीच्या रिमोटला खोबरेल तेलाने मालिश केली, पालथा घालून पाठ चोळली. तेव्हापासून आमच्या टीव्हीला चित्र आहे, आवाज नाही. कोंडीराम निवेदकाच्या ओठांकडे बघून भांडतात.

आणि ते पोटाशी बोलणं. प्रितीने फोनवर सांगितलं. परवा बाळाला भूक लागली असेल म्हणून त्याने तिच्या बेंबीत शेंगदाणा घातला. तिथपर्यंत मी पण हसले. मग तिने पुढचं सांगितलं. रोज संध्याकाळी तो पोटाला तोंड लावून काय बोलतो ते तिने कान देऊन ऐकलं. तो म्हणतो, "येऊ नको." प्रिती हसत हसतच सांगत होती. मला नाही हसू आलं.

तरी मनू तुमच्याकडेच. हा माझा शेवटचा शब्द.

कौसल्या


गिरगाव,
१० नोव्हेंबर

प्रिय कौसल्याताई,

नमस्कार. तुमचा शेवटचा शब्द आता कामाचा राहिला नाही, माझाही नाही.

काल रविवारी आम्ही दोघं डिंकाचे लाडू घेऊन अँटॉप हिलला गेलो होतो. प्रिती हॉस्पिटलची बॅग भरत होती. गाऊन, टॉवेल, बाळाचं झबलं. मनू ते बघत उभा होता. मग गेला, स्वतःचे बूट घेऊन आला, उलट्या पायांत घातले आणि दाराशी जाऊन बसला. प्रितीने विचारलं, "कुठे निघालास रे?" तर म्हणाला, "गिरगावआजी म्हणते परळ. परळआजी म्हणते गिरगाव. मी कुठे जाऊ?"

प्रिती त्या भरलेल्या बॅगेशेजारीच बसली आणि रडायला लागली. अवधूतने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आई, तुम्हा दोघींना झेपत नव्हतं तर सरळ सांगायचं ना. त्याला कशाला मध्ये फुटबॉल केलात?"

त्याने तिथल्या तिथे नाशिकला आमच्या सीमाला फोन लावला. तिच्या मुली कॉलेजात, घर मोठं, दारात बाग. आत्याबाई एका पायावर तयार. तीस तारखेला अवधूत मनूला तिकडे पोचवणार आणि दोन महिन्यांनी परत आणणार. सगळं दहा मिनिटांत ठरलं. चांगलंच झालं म्हणायचं. वाद मिटला. प्रितीने कुठे राहायचं ते आता तुम्हीच ठरवा, मी मध्ये बोलणार नाही.

आज बरं वाटत नाही, म्हणून इथेच थांबते.

मृणालिनी


परळ,
१४ नोव्हेंबर

मृणालिनीताई,

कोंडीराम म्हणाले, राग उतरल्यावर लिही. मी रागातच लिहितेय, उतरल्यावर धार राहत नाही.

सीमा कोणाची मुलगी? तुमची. फोन कोणी लावला? तुमच्या मुलाने. आणि तुम्ही 'चांगलंच झालं' म्हणताय. पोरगं अंगावरून झटकायचं होतं तर तोंडावर बोलायचं होतं, मी कसंही सांभाळलं असतं. एवढ्याशा पोराला घराबाहेर काढायचं आणि त्याच्या जागेवर बाळ झोपवायचं? अशी पोरं मी वॉर्डात बघितलीत. दोन महिन्यांनी येतात आणि आईने हात पुढे केला की मागे सरतात. मग आया रडतात आणि सिस्टरला विचारतात, असं का करतोय हो.

तुमचे डिंकाचे लाडू आणि तुमचं 'गैरसमज नसावा' तुमच्याकडेच ठेवा.

जयभीम लिहायचं राहिलं. राहू दे.

कौसल्या


गिरगाव,
१८ नोव्हेंबर

कौसल्याताई,

सीमाला मी काही सांगितलं नव्हतं. पण तुमचा राग मला पटला, म्हणून जे आजवर ह्यांनाही धड सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते.

माझी धाकटी बहीण झाली तेव्हा मी मनूएवढी होते. आईला दोघींचं जड जाईल म्हणून मला वाईला मामाकडे ठेवलं. दोन महिन्यांसाठी. मग बहीण आजारी पडली, मग आई आजारी पडली, मग कोणी म्हणालं की मुलगी तिथे रुळली आहे, राहू दे. पहिलीत नाव घालायच्या वेळी आई मला न्यायला आली. मामा-मामींनी लाडच केले होते, कशाला कमी पडू दिलं नव्हतं. पण आई दारात आली तेव्हा मी मामीच्या पदराआड लपले आणि विचारलं, "ह्या कोण?" आई पुढे म्हातारी होईपर्यंत हा किस्सा लोकांना हसून सांगायची. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते अजून कळलेलं नाही.

त्या रविवारी अवधूत फोनवर बोलत होता तेव्हा मला त्याच्या हातातून फोन काढून घ्यायचा होता. पण जिने स्वतःच पोराला परळकडे ढकललं होतं, ती काय तोंडाने बोलणार? घरी आले आणि तुम्हाला लिहून टाकलं, चांगलं झालं.

ढकललं का, तेही सांगते. माझे दोन्ही गुडघे गेले आहेत. डॉक्टर म्हणतात, जिना चढू नका. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला सांगतात हे! मनू पळतो, ताई, आणि मला पळता येत नाही. मागे एकदा तो माझा हात सोडवून वाडीच्या तोंडापर्यंत गेला. समोरून टेम्पो येत होता. फुलवाल्याने त्याला शर्टाला धरून मागे ओढलं, आणि मी अजून पायरीवरच होते. हे मी कोणालाच सांगितलं नाही. मला मनू नको होता असं नव्हतं हो. माझ्या हातून त्याला काही होईल, याची भीती वाटते. म्हटलं, अंथरुणात पडून राहणारं बाळ निदान मला सोडून पळणार तरी नाही.

त्याला नाशिकला पाठवू देऊ नका. प्रिती तुमचं ऐकते. माझं इथे कोणी ऐकत नाही. हे तर कानाचं मशीनच लावत नाहीत.

मृणालिनी


परळ,
२२ नोव्हेंबर

मृणालिनीताई, जयभीम. मागच्या वेळचाही यात धरा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि एकदा कोंडीरामना वाचून दाखवलं. आवाज नसल्यामुळे टीव्ही बंद करावा लागला नाही. ते म्हणाले, "आता तू पण खरं सांगून टाक."

तर सांगते. माझा कमरेचा मणका सरकलाय. मनूला उचलते आणि मग भिंतीला धरून उभी राहते, तो म्हणतो, "आजी, भिंत पडते का?" प्रितीला मी कळू दिलं नाही. सिस्टर ना मी, सिस्टरला कधी काही होत नाही. तुम्ही गुडघे लपवले, मी कंबर लपवली, आणि दोघी पोराला सांगत बसलो की तिकडे मज्जा आहे. तुम्हाला वाकता येतं, चालता येत नाही. मला चालता येतं, वाकता येत नाही. दोघींचं मिळून एक धड माणूस होतं बघा.

म्हणून मी ठरवलंय. प्रिती कुठे जाणार नाही, बाळ कुठे जाणार नाही आणि मनू तर नाहीच नाही. हलायचं तर आज्यांनी हलायचं. प्रितीची अँटॉप हिलची क्वार्टर तळमजल्याला आहे, तुमच्या गुडघ्यांना जिना नाही. पळायचं काम माझं, बसून करायचं काम तुमचं. काल प्रितीला फोन करून माझ्या कमरेसकट सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. तर म्हणाली, "आई, तुम्ही दोघी? एका घरात?"

मी म्हटलं, सव्वा महिन्याचा प्रश्न आहे, मरत नाही कोणी.

फक्त आधीच सांगून ठेवते. बाळाला धुरी द्यायची नाही, त्याच्या छातीत जातो तो धूर. यावर मी कोणाचं ऐकणार नाही. आणि रविवारी मी सुकट भाजणार. खिडक्या उघडीन, पण भाजणार.

कौसल्या


गिरगाव,
२६ नोव्हेंबर

प्रिय कौसल्याताई,

नमस्कार, आणि मनूच्या वतीने कडक जयभीम.

धुरी सोडली. सुकटीला माझी हरकत नाही, मला द्यायला मात्र विसरू नका. पण बाळाच्या कानामागे काजळाचा एक ठिपका मी लावणार. तुम्ही म्हणाल की आमच्यात मानत नाहीत. तुम्ही मानू नका, फक्त पुसू नका.

सीमाला मी स्वतः फोन केला. ती हिरमुसली, पोरासाठी तिने तीनचाकी सायकल घेऊन ठेवली होती. म्हटलं, तू सायकल घेऊन इकडे ये, भाचरं बघून जा. अवधूतला सांगितलं तेव्हा तो नुसता माझ्या गुडघ्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, "आई, टेम्पोचं मला का नाही सांगितलंस?" त्याला काय सांगू? तो मनूला माझ्याकडे पाठवायचं बंद करेल अशी भीती होती, एवढंच सांगितलं.

ह्यांच्या जेवणाची सोय लावली. कोंडीरामसाहेबांना आमच्याकडेच पाठवून द्या आणि तो टीव्हीही बरोबर द्या. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याच्या टीव्हीला आवाज नाही. सुखाने राहतील.

तीस तारखेला मी येते. खिडकीजवळची जागा मला हवी.

तुमची,
मृणालिनी


अँटॉप हिल, पुढची खोली,
१९ डिसेंबर, दुपार

मृणालिनीताई,

तुम्ही स्वयंपाकघरात आहात आणि मी इथे, पण हाक मारायची सोय नाही. मनू माझ्या मांडीवर झोपलाय. मांडीला मुंग्या आल्यात, तरी हलत नाहीये. आतल्या खोलीत प्रितीचा आणि पोरीचा आत्ताच डोळा लागलाय. म्हणून ही चिठ्ठी अवधूतच्या हाती पाठवते. वाचू नको म्हणून सांगितलंय, म्हणजे तो वाचतच येईल.

पहिली गोष्ट, आज सकाळी पोरीला पुसताना काजळाचे दोन ठिपके सापडले. ठरलं होतं एक.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. पोरगी घरी आल्यापासून मनूने पाळण्याकडे बघितलं नव्हतं, तुम्हाला माहीत आहे. पाळण्याच्या कडेने जायचा तो भिंतीला चिकटून. आज सकाळी गेला, गजांतून नाक घालून तिला बघत उभा राहिला. मग माझ्याकडे आला आणि विचारलं, "परळआजी, तू कोणाची आजी? बाळाची का माझी?"

अशा वेळी 'दोघांची' म्हणायचं असतं. वॉर्डात नातवंडं बघायला येणाऱ्या सगळ्या आज्यांना मी हेच पढवायचे. पण तो माझा पदर धरून असा वर बघत होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझी. फक्त तुझी." त्याने विचारलं, "मग बाळाची कोण?" मी म्हटलं, "गिरगावआजी."

तेव्हा तुम्हाला विचारलं तर सांभाळून घ्या. पोरगी आता तुमची.

कौसल्या


स्वयंपाकघर,
लगेच

कौसल्याताई,

अहो, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत! तुमच्याकडून निघाला तो सरळ माझ्याकडेच आला. मी लाटणं हातात धरून बसले होते. तेच विचारलं, तसंच वर बघून. माझ्याही तोंडून 'तुझीच रे राजा' असंच निघालं. "मग बाळाची?" मी सांगितलं, "परळआजी."

तो बराच वेळ उभा राहिला, पीठ चिवडत. मला वाटलं विसरला. मग पाळण्याजवळ गेला. मी दारातून बघत होते. पोरगी किरकिर करत होती. त्याने पाळण्यात हात घातला, तिच्या पोटावर थापटलं, चांगलंच जोरात, आणि म्हणाला, "रडू नको. तुला आजी नाही. मी आहे." ती काही थांबली नाही, पण तो जेवायला बोलवेपर्यंत तिथून हलला नाही. माझ्या दोन पोळ्या जळाल्या, त्या तुम्ही मघाशी वासावरून ओळखल्यात.

ठिपके दोन आहेत हे खरं. एक मी लावला होता. दुसऱ्याचं मनूच्या बोटांकडे बघून ठरवा.

आता आत पुन्हा रडू यायला लागलंय, ऐकू येतंय ना? प्रितीला उठवायला नको. तुम्ही मांडी हलवू नका, मीच जाऊन तिला घेते. मनू जागा झालाच, तर त्याला सांगा, गिरगावआजी पोळ्या करतेय.

मृणालिनी